तारेचे दोन बोळे

प्रभामावशींच्या गाडीत उंदीर शिरले ते माझ्यामुळे, आणि त्याचा दोष त्यांनी आठ महिने स्वतःच्या डोक्याला दिला तोही माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. नाही तर मी त्यांच्याविषयी चांगलं चांगलं लिहीत बसेन आणि मुख्य गोष्ट पुन्हा राहून जाईल. ती राहू द्यायची मला सवय लागली होती.

आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहायला गेलो त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, २००३ साली, त्या मला भेटल्या. चार दिवस बर्फ पडून गेल्यावर एका दुपारी ऊन पडलं आणि सगळं गाव गाड्या धुवायला लोटलं. त्या रांगेत, दोन उंच ट्रकांच्या मध्ये, एक बुटकी, गडद हिरवी, कापडी टपाची, दोनच माणसांची गाडी उभी होती. धुऊन बाहेर आल्यावर तिच्यातून साठीच्या एक बाई उतरल्या. डोक्याला माकडटोपी, सलवारीचे पाय बुटांत खोचलेले. जुन्या पंचाने त्या दारांच्या कडेचं रबर पुसायला लागल्या. मी बायकोला, मेधाला, म्हणालो, "उन्हाळ्यातली गाडी चुकून हिवाळ्यात बाहेर काढलेली दिसतेय बाईंनी."

"चुकून नाही, मुद्दाम," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि तुमच्या गाडीची दारं उद्या सकाळी उघडणार नाहीत. रबर ओलं राहिलं की गोठतं. हा घ्या पंचा."

मी ओशाळून विचारलं, "खोबरेल लावलं तर चालेल का हो, रबराला?"

"खोबरेल बाटलीत गोठतं, तिथे दारात काय करणार? डोकं चालव."

पहिल्या दोन मिनिटांत 'तुमच्या'वरून त्या 'चालव'वर आल्या आणि तिथेच राहिल्या.

मावशी मूळच्या मिरजेच्या. डब्लिनजवळच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं रक्त तपासलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा निखिल इथेच जन्मलेला, नोकरीला डॅलसला. निवृत्त झाल्या त्याच महिन्यात मोठी गाडी विकून त्यांनी ही जुनी दोन माणसांची घेतली. निखिल फोनवर म्हणाला होता, "आई, यू कान्ट बी सीरियस. इट्स रिअर-व्हील ड्राइव्ह. इन ओहायो!" मावशी हे वाक्य त्याच्याच सुरात म्हणून दाखवायच्या आणि पुढे जोडायच्या, "मागची चाकं ढकलतात, बर्फात घसरतात म्हणून गाडी घरात ठेवायची, तर मग मागून ढकलणारी माणसं आहेत म्हणून मीही घरातच बसायचं का?"

हिवाळा त्यांच्या गाडीला बाधत नसे, कारण मावशी हिवाळ्याची तयारी पितृपक्षातच सुरू करत. नोव्हेंबर लागला की चारही टायर बर्फाचे. दुकानदार म्हणाला होता की मागचे दोन पुरतील. "आणि पुढची दोन काय शोभेला?" डिकीत वाळूच्या दोन गोण्या, मागच्या चाकांवर भार यावा म्हणून. शिवाय चाक रुतलं तर खाली टाकायला, पाळीव मांजरांच्या शीसाठी दुकानात मिळते ती वाळू. त्यांच्या घरात मांजर कधीच नव्हतं. रस्त्यावर मीठ टाकलं की पहिल्या उबदार दिवशी गाडीचं पोट धुवायचं, मग त्या दिवशी कुणाचं लग्न का असेना. "बर्फ बिचारा येतो आणि वितळून जातो," त्या म्हणत. "गाडी खातं ते मीठ. ते दिसत नाही आणि जातही नाही."

प्रत्येक कामाची यादी होती. गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक वही, तीत मराठीत लिहिलेली कामं, आणि काम झालं की लाल पेनाने बरोबरची खूण. "लॅबमध्ये आम्ही आधी करायचो आणि मग खूण करायचो. आधी खूण करून मग काम करणारा माणूस कुणाचा तरी जीव घेतो."

मला बर्फात गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. माझी गाडी पहिल्याच हिवाळ्यात एका टपालपेटीवर जाऊन थांबली, तेव्हा त्यांनी रविवारी सकाळी मला एका बंद मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं. बर्फ घोट्याएवढा. स्वतःच्या लाडक्या गाडीच्या स्टिअरिंगवर मला बसवून म्हणाल्या, "हं. आता घसर."

"मुद्दाम?"

"मुद्दाम घसरलास की चुकून घसरशील तेव्हा किंचाळणार नाहीस."

गाडीचा मागचा भाग सुटला, मी ब्रेक दाबला आणि आम्ही गोल फिरून उलट्या तोंडाने थांबलो. मावशी शांत. "घसरतोय हे आधी मान," त्या म्हणाल्या. "तू मानतच नाहीयेस. म्हणून ब्रेक दाबतोस. ब्रेक सोड, जायचंय तिकडे बघ आणि स्टिअरिंग तिकडे वळव." त्या सकाळी मी बावीस वेळा घसरलो. त्यांनी मोजलं होतं.

२००५च्या डिसेंबरात मिरजेहून फोन आला. मावशींच्या थोरल्या बहिणीचं विसरणं फार वाढलं होतं. आधी गॅस बंद केला म्हणायच्या आणि केलेला नसायचा. आता मुलांची नावं चुकू लागली होती. मावशी तीन महिन्यांसाठी निघाल्या. गाडी माझ्या गॅरेजमध्ये ठेवली. "रिकाम्या घरात नको. माणसांचा वावर पाहिजे."

त्यांनी दोन दिवस खपून ती झोपवली. टाकी काठोकाठ भरली, टायरमध्ये हवा जास्त भरली, बॅटरीला छोटा चार्जर लावला, वर सुती खोळ घातली. प्लास्टिकची नाही, आतली ओल कोंडते. शेवटी, भांडी घासायच्या तारेसारख्या बारीक तारेचे दोन बोळे: एक धुराच्या नळीत, एक इंजिनात हवा जाते त्या तोंडात. "उंदराला तार कुरतडता येत नाही." हे सगळं माझ्यासमोर झालं. दोन्ही बोळे लावल्यावर त्यांनी वहीत लाल खूण केली. स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली: 'बोळे काढल्याशिवाय चावी फिरवू नये. मुळात फिरवूच नये.'

"मधूनमधून पाच मिनिटं चालू करू का? तब्येतीला बरं," मी विचारलं.

"पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, नुसतं आत पाणी धरतं. तू काहीही करायचं नाहीस. आणि गॅरेजमध्ये खाण्याची वस्तू ठेवायची नाहीस. जमेल ना, काही न करणं?"

मला जमलं नाही.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. दीडशे माणसांचा मसालेभात आणि वरण. माझा मित्र दिलीप शनिवारी दुपारी तांदळाची आणि तूरडाळीची पोती घेऊन आला. स्वयंपाकघरात जागा नव्हती. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं म्हणत आम्ही ती गॅरेजमध्ये रचली. मग दिलीपने खोळीचं टोक उचललं. "अरे, ही ती मावशींची? चालू कर ना यार, आवाज तरी ऐकू."

मी चिठ्ठी वाचली. दिलीपलाही वाचून दाखवली. दोघेही हसलो. मग मी दोन्ही बोळे काढून रंगाच्या डब्यामागे ठेवले आणि चावी फिरवली. आवाज छान होता. पाच मिनिटांनी बंद केली, खोळ घातली आणि आतून मेधाने चहाला हाक मारली. बोळे डब्यामागेच राहिले.

वादळामुळे कार्यक्रम तीन आठवडे पुढे गेला. पोती हलवली तेव्हा डाळीच्या एका पोत्याचा कोपरा कुरतडलेला होता. मी ते पोतं बाजूला काढलं, लेंड्या झाडल्या, दोन सापळे लावले. गाडीकडे पाहिलं नाही. खरं लिहायचं तर, पाहायला नको म्हणून पाहिलं नाही.

मार्चमध्ये मावशी परत आल्या. बहिणीने शेवटी शेवटी त्यांना ओळखलं नव्हतं. त्या थकलेल्या होत्या, पण दुसऱ्याच दिवशी गाडी न्यायला हजर. खोळ काढून मागे वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"बोळा कुठे आहे?"

मी खोळीची घडी घालत राहिलो.

"अविनाश, मी बोळे लावले होते ना?"

त्या क्षणी सगळं सोपं होतं. डबा चार पावलांवर होता. मी म्हणालो, "काही कल्पना नाही, मावशी. मी नीट पाहिलं नव्हतं."

त्यांनी बॉनेट उघडलं. वायरी कुरतडलेल्या होत्या. गाडी उचलून वर्कशॉपला नेली तेव्हा सोबत मीच गेलो. मेकॅनिकने हवेच्या गाळणीचा डबा उघडला. आत कापसाचं घरटं आणि मूठभर पिवळे दाणे. "बर्डसीड?" पक्ष्यांना घालायचे दाणे का, असं त्याने विचारलं. ती तूरडाळ आहे हे आपल्याकडच्या कुणीही सांगितलं असतं. मी होकारार्थी मान हलवली.

घरी मावशी वही उघडून बसल्या होत्या. लाल खुणेवर बोट. "खूण आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी काम न करता खूण केली. ताईचं असंच सुरू झालं होतं."

गाडी दुरुस्त झाली, वर्कशॉपने बर्फाचे टायर उतरवून साधे घातले, पण मावशींनी ती चालवली नाही. ज्या गावात दूध आणायलाही गाडी लागते तिथे त्या घरात बसल्या. दर शनिवारी मी त्यांना सामानाला नेऊ लागलो आणि दर शनिवारी त्या माझे आभार मानत. स्वयंपाकघरात चिठ्ठ्या दिसू लागल्या: 'गॅस बघितला.' त्याखाली 'परत बघितला.' निखिलने डॅलसला यायचा आग्रह धरला. एरवी त्याला दोन वाक्यांत गप्प करणाऱ्या मावशी या वेळी "बरं" म्हणाल्या. नोव्हेंबरात त्यांच्या अंगणात घर विकायचं असल्याची पाटी लागली. गाडीलाही गिऱ्हाईक मिळालं.

मेधाला मी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?" तरी मी थांबलो. इतके दिवस झाल्यावर आता कसं सांगायचं, असं दर आठवड्याला वाटे, आणि तेवढ्यात आणखी एक आठवडा जाई.

गिऱ्हाइकाला गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मावशींचा फोन आला. सकाळपासून भुरभुर बर्फ सुरू होता. "गाडी विकायची आहे, पण बर्फाचे टायर घालूनच देईन. तू चालव, मी शेजारी बसते."

टायरच्या दुकानाच्या अलीकडच्या वळणावर मागची चाकं सुटली. माझा पाय ब्रेकवर गेला. शेजारून, पार्किंगमधल्या त्या सकाळच्याच आवाजात, मावशी म्हणाल्या, "घसरतोय हे आधी मान."

मी ब्रेक सोडला, स्टिअरिंग वळवलं. गाडी सरळ झाली. पुढे एका चर्चच्या आवारात मी ती उभी केली आणि सांगितलं. दिलीप, चावी, रंगाचा डबा, पोतं, पिवळे दाणे, मान हलवणं. एकही गोष्ट लपवून ठेवली नाही.

मावशी समोरच्या काचेकडे बघत होत्या. वायपर फिरत होते.

"डाळ कुठली?"

"तुरीची."

"तेलकट की कोरडी?"

"तेलकट."

"तरीच. तेलाचा वास लागला उंदरांना," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी रोज सकाळी उठल्यावर ताईच्या मुलांची नावं म्हणून बघते. मग लॅबमधल्या सगळ्यांची. मग तुझं, मेधाचं. आठवतात का, म्हणून. एक जरी नाव अडलं की दिवसभर घास उतरत नाही. आणि तू शनिवारी येऊन माझ्या पिशव्या उचलत होतास."

"सॉरी, मावशी."

"सॉरी पाय लागला की म्हणतात. उतर."

मला वाटलं, आता चालतच घरी जायचं. मी उतरलो. मावशीही उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या, स्टिअरिंगवर बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. "बस तिकडे. आणि आधी निखिलला फोन लाव."

निखिल ऑफिसात होता. मी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सो शी डिडन्ट फर्गेट?" मी म्हणालो, नाही. "डू यू नो व्हॉट यू डिड?" मी म्हणालो, हो. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला. "निखिल, घराची पाटी मी आज काढतेय. गाडीवाल्याला नाही म्हणून सांगते. डॅलसला सुट्टीत येईन. नाही, विमानाने नाही." आणि फोन बंद केला.

त्यांनी इंजिन चालू केलं. साध्या टायरांवर, त्या बर्फात, गाडी गिअरमध्ये टाकली, पण क्लच सोडला नाही.

"आता मला सांग," त्या म्हणाल्या. "नीट. खूण करण्याआधी काम करतात तसं."

मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "मावशी, बोळे तुम्ही लावले होते. दोन्ही. मी पाहत होतो. ते मी काढले आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुम्ही काहीही विसरला नव्हता. मला माफ करा."