आत्याचे आंबे आणि माझा डिव्हिडंड

गेल्या महिन्यात महाडच्या आमच्या स्वयंपाकघरात एका कंपनीची वार्षिक सभा झाली. म्हणजे सभा मुंबईतून ऑनलाइन चालू होती... पण माझ्यापुरती ती ओट्याशेजारच्या टेबलावर भरली होती. बाजूला वरंधहून सकाळच्या एसटीने आलेली माझी आत्या बसली होती.

थोडं मागचं सांगते. मी इथल्या एका कॉलेजात शिकवते आणि पगारातून जमेल तसे शेअर्स घेते. वीजवाहिन्या, बंदरं, गॅसची पाइपलाइन... एकदा उभं राहिलं की वर्षानुवर्षं भाड्यासारखं उत्पन्न देणारी कामं आणि त्यातून डिव्हिडंड वाटणाऱ्या कंपन्या.

निवडताना मी फार कंटाळवाणी आहे. डिव्हिडंडचा टक्का मोठा दिसला की आधी संशय घेते. तो धंद्यातल्या रोख कमाईतून आलाय, कर्ज काढून दिलाय की एखादी मालमत्ता विकून, हे अहवालात शोधत बसते. एकाच कंपनीत फार पैसे अडकवत नाही.

पण तार कोणाच्या रानावरून जाते, हे मी कधी शोधलं नव्हतं.

यंदा माझ्याच एका वीजवाहिनी कंपनीची नवी लाइन आत्याच्या डोंगराकडच्या जमिनीवरून गेली. तारेखाली येतात म्हणून तिची चार रायवळ आंब्याची झाडं तोडली. भरपाई फळझाडांची मिळायला हवी होती. कंत्राटदाराच्या माणसांनी पंचनाम्यात जळाऊ लाकूड लिहिलं आणि तेवढेच पैसे पुढे केले. आत्याने ते घेतले नाहीत.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या मुलाने, पनवेलला असणाऱ्या सुनीलने, लिहिलं, "आंबे आमचे गेले, डिव्हिडंड ताईला आला. बरं हाय." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

झोंबलं... कारण त्यात खोटं काही नव्हतं. दोन दिवस मी मोबाइलवर ते शेअर्स उघडून 'विका'पर्यंत जायचे आणि परत यायचे. कॉलेजातल्या मैत्रिणीचं म्हणणं सरळ होतं, मनाला लागतंय ना, मग विकून मोकळी हो.

पण विकले तर काय होणार? शेअर्स दुसऱ्या कोणाच्या खात्यात जातील, आंबे कागदावर जळाऊच राहतील आणि मला मात्र शांत झोप लागेल. तसली झोप मला नको होती.

मग ठरवलं. विकायचे नाहीत, सभेत बोलायचं. भागधारकाला तो हक्क असतो, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. नोंदवलं.

सुनीलने विचारलं, "ताई, कंपनी केवढी, तुझे शेअर केवढे?" मी लिहिलं, "मालक लहान असला तरी मालकच असतो."

सभेत माझ्या आधीची मंडळी अध्यक्षांच्या तब्येतीची चौकशी करत होती, बोनस शेअर मागत होती. एकाने तर स्वतःची कविता म्हटली. आत्या जांभई देत म्हणाली, "ह्ये सगळे त्याचे पाव्हणे हायत काय गो?"

माझं नाव पुकारलं गेलं. तयारी इंग्रजीत केली होती. पण आत्या शेजारी असताना तिच्याच झाडांबद्दल तिला न कळणाऱ्या भाषेत बोलणं बरं वाटेना... मराठीत सुरू केलं. गाव, गट नंबर, झाडं, पंचनामा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मला तुमचा डिव्हिडंड हवा आहे. पण त्यात माझ्या आत्याच्या आंब्यांचे पैसे मिसळले असतील तर मला तेवढा कमी द्या. आधी तिचे द्या. थँक यू."

तेवढ्यात आत्या लॅपटॉपवर वाकली. "आनि पाडाला आलेलं तोडलंनी, त्ये पन सांग त्याला." अख्ख्या सभेने ऐकलं.

अध्यक्षांनी माहिती घेऊन कळवतो म्हटलं. पुढच्या गृहस्थांनी बोनस मागितला. बस, इतकंच... लॅपटॉप मिटताना वाटलं, हसं करून घेतलं आपण.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साइट ऑफिसमधून फोन आला. आठवड्याभरात माणसं पुन्हा वरंधला गेली. आत्याने त्यांना चारही बुंध्यांपाशी नेऊन उभं केलं, शेजारच्यांच्या साक्षीने नवा पंचनामा झाला, आणि आता त्यात आंबा, फळझाड असं लिहिलेलं आहे. मीही होते तिथे. पैसे अजून आलेले नाहीत. येईपर्यंत यंदाचा डिव्हिडंड मी कुठेच गुंतवणार नाही, तसाच बाजूला ठेवलाय. आणि नाहीच आले तर पुढच्या सभेला मी आहेच.

त्या दिवशी रानातून उतरताना आत्याने विचारलं, "येक शेअर केवढ्याला पडतो गो?"

सांगितलं.

"म्हंजी कोंबडीयेवढाच की. मग माज्या नावानं येक घे. पुढल्या टायमाला मीच बोलन. तू लय थँक्यू थँक्यू करतेस."

मी प्रामाणिकपणे बजावलं की भाव पडू शकतो, डिव्हिडंड दर वर्षी मिळेलच असंही नाही.

"आंबा तरी दर वर्षाला कुठं लागतो?" असं म्हणून ती पुढे चालायला लागली.

काल तिचं डीमॅट खातं उघडलं. एकच शेअर घेतला. लाइन ज्यांच्या रानावरून गेली त्यांच्यातलं निदान एक नाव आता मालकांच्या यादीत आहे, आणि ते तिने स्वतः मागून घातलंय... यंदाची माझी सगळ्यात चांगली खरेदी हीच.