गुप्त्यांचं नाव आभारात

हरिहर गुप्ते पोटासाठी कारकुनी करीत, पण ठाण्यात त्यांना कारकून म्हणून ओळखत होतं कोण? स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक तोंडावर आलेली. आळीआळीत, गावोगाव पक्षाची तरुण मंडळं उगवत होती, आणि त्यांना सभा भरवायला शिकवण्यासाठी सायकलवर टांग मारून निघणारा माणूस एकच, गुप्ते! सतरंजी कुठे अंथरायची, पाहुण्याला हार कुणी घालायचा, वक्ता लांबत चालला की चिठ्ठी कशी सरकवायची, सगळं ते पोटच्या पोरांना सांगावं तसं सांगत. खोपटचं मंडळ त्यांनी घडवलं, डोंबिवलीचं त्यांनीच उभं केलं.

माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती हो. सभा संपून आभारप्रदर्शन सुरू झालं की गुप्ते कान टवकारून बसत. ‘आमचे मार्गदर्शक श्रीयुत हरिहर गुप्ते’ हे शब्द आले की उपरण्याचं टोक सारखं करीत. नाही आले, तर रात्री जेवताना त्यांना आमटी बेचव लागे. सुमतीबाई नवऱ्याला पुरतं ओळखून होत्या. त्या म्हणत, "आमटी रोजचीच आहे. आज आभार अळणी झालेले दिसतायत!"

कोलशेतचं मंडळ सगळ्यांत नवं. खाडीकाठचं गाव, पोरं राबणारी आणि तापट, आणि त्यांचा म्होरक्या उत्तम भोईर त्याहून तापट. त्यांच्या पहिल्याच सभेत समोरच्या पक्षाच्या लोकांनी येऊन डबे बडवले आणि नव्या कोऱ्या गॅसबत्तीची काच दगडाने फोडली. पोरांनी वर्गणी काढून काच बसवली खरी, पण दात-ओठ खात. कारण आता त्याच मैदानात त्या दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराची सभा होती.

"आमी पन डबे काढून ठेवलेत, साहेब," उत्तम म्हणाला.

गुप्ते भडकले. "डबा बडवायला अक्कल लागते का रे? माकडसुद्धा बडवील! त्यांच्या सभेला जा, खाली बस, शेवटपर्यंत ऐक. मग उभा राहा आणि एक प्रश्न विचार. एकच, पण असा की त्याची बोबडी वळली पाहिजे."

"त्यांनी आमची बत्ती फोडली आन् आमी त्यांचं भाषण ऐकायचं?" उत्तम उठला आणि तरातरा चालता झाला. त्याच्या मागोमाग सगळी पोरं गेली. गुप्ते एकटेच सतरंजीवर उरले.

ही कुणकुण पक्षाच्या कचेरीत पोचायला कितीसा वेळ! तिथून निरोप आला: एक दगड पडला तरी कोलशेतचं मंडळ बरखास्त, आणि गुप्त्यांनीही मग घरी बसावं.

सभेच्या दिवशी गुप्ते घरात येरझारा घालू लागले. "मी जाऊन पुढेच उभा राहतो. मला बघून गप्प बसतील."

"म्हणजे शिकवलंत काय इतके दिवस? तुम्हाला भिऊन गप्प बसायला?" सुमतीबाई म्हणाल्या. "जायचं तर जा, पण मागे उभे राहा. आणि तोंड उघडाल तर खबरदार!"

गुप्ते मागे चिंचेखाली उभे राहिले. उत्तम आणि पोरं पुढे येऊन बसली होती. उमेदवाराचं भाषण रंगात आलं, आणि सभेची गॅसबत्ती भसकन भडकली, काळवंडली आणि विझली. मैदानात काळोख. कोणीतरी ओरडलं, "मंडळाच्या पोरांनी काहीतरी केलंय!" गुप्त्यांनी अंधुक चांदण्यात पुढे नजर ताणली. पोरं बसली होती ती जागा रिकामी! संपलं, आता दगड पडणार.

तेवढ्यात गावाच्या बाजूने उजेड हलत आला. डोक्यावर मंडळाची गॅसबत्ती घेऊन उत्तम पुढे, पोरं मागे. त्याने बत्ती टेबलावर ठेवली.

"बोला. आमाला ऐकायचं हाय."

उमेदवार बोलला, पोरांनी मुकाट ऐकलं. भाषण संपलं तसा उत्तम उठला. "खाडीचा बांध फुटलाय. खारं पानी भातात शिरतंय. तुमी निवडून आलात तर बांध कवा बांधनार?"

उमेदवाराने घसा खाकरला, पाणी प्यायलं. "विचार... विचार करू."

"आरं, पन कवा?" बायकांतून गावची रंगूबाई कडाडली, आणि सगळं मैदान हसलं.

उमेदवारही बिचारा ओशाळं हसला. घाम पुसत म्हणाला, "आमच्या माणसांनी तुमची बत्ती फोडली, आणि तुम्ही आम्हाला बत्ती आणून दिलीत. हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

चिंचेखाली गुप्त्यांचा हात आपसूक उपरण्याकडे गेला. उत्तमची नजर गर्दीवरून फिरली, त्यांच्यावर येऊन क्षणभर थांबली आणि परत वळली.

"शिकवायचं काय त्याच्यात? आमच्या मंडळाची रीतच हाय ती!"

घरी पोचल्यावर गुप्ते वाटीमागून वाटी आमटी भुरकत राहिले. सुमतीबाई हसल्या. "आज नाव घेतलेलं दिसतंय."

"नाही घेतलं!" गुप्ते ओरडलेच. डोळे भरून आले होते, पण छाती काही खाली बसत नव्हती. "अगं, आमची रीत म्हणाला. आमची! वाढ, आणखी वाढ."