डेलियाच्या वाफ्यावरचा राब

आमच्या टोकावड्यात डालियाला डेलियाच म्हणतात. माझ्या डेलियाचं फूल ताटलीएवढं, रंग अगदी फिकट गुलाबी. शहापूरचा बुकेवाला लग्नसराईत घरी यायचा नि म्हणायचा, "ताई, हा रंग दुसरीकडं मिळतच नाय." मिळणार कुठून? कंद माझ्या आईचे. माहेरी, वैशाखऱ्याला, तिच्या अंगणात होते. आई गेली, मग रस्ता रुंद झाला नि अंगणही गेलं. नशीब, त्याआधीच मी थोडे कंद पदरात बांधून आणले होते. बी पेरून तोच रंग येत नाही, कंदच लागतो. म्हणजे आईची फुलं उरली होती ती फक्त माझ्या परसातल्या एका वाफ्यात.

त्या वर्षी फुलं बारकी आली. बुकेवाला तोंड वाकडं करून गेला. मी दिवसभर भांडी आपटली. सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या.

शिमगा झाला, झाडं सुकली, मी ती कापून टाकली. कंद जमिनीतच पक्के होऊ द्यावेत म्हणून ठेवले आणि मावसबहिणीच्या लग्नाला शहापूरला गेले. परत आले तर परसातून धूर! वाफ्यावर राब भाजलेला. भाताची रोपं जोमात यावीत म्हणून पेरणीआधी आम्ही जमीन अशी भाजतो. शेण, तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, पाला रचायचा, वर माती टाकायची नि पेटवायचं. ते आतल्या आत धुमसत राहतं.

सासूबाई गुडघे धरून उभ्या. तोंड काजळलेलं, पण स्वारी खुशीत. "तुझी फुलं बारकी आली ना गो? जमीन थकली व्हती. टहाळ मीच तोडला, शेणपण मीच वाहिलं. आता बघ कशी येतात!"

खुरपं घेऊन गरम राख उकरली. हाताला कंद लागला तो मऊ, साल सुटलेला, भाजल्या रताळ्यासारखा वास. दुसरा तसाच. सगळेच तसे. कपाळ माझं! तिथंच फतकल मारून बसले.

"काय झालं गो?"

"तुमी माझ्या आईला दुसऱ्यांदा जाळलंत!" मी इतकी ओरडले की शेजारच्या बाया कुडापाशी जमल्या.

सासूबाईंनी उभ्या जन्मात राबाखाली काही जिवंत असलेलं पाहिलं नव्हतं. बी पडतं ते नंतर. त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं, हे मला कळतं. कळून राग जात नाही, त्याला काय करू?

बुकेवाल्यानं पुढं नर्सरीतले कंद आणून दिले. ते मी विहिरीकडं लावले. फुलं मोठी येतात, रंग जवळपास तसाच. चांगली आहेत हो, पण बघावीशी वाटत नाहीत. जुना वाफा तसाच मोकळा ठेवलाय.

यंदा राबाच्या दिवसांत नवरा म्हणाला, जागा उगाच अडते, आणि शेणाची पाटी घेऊन तिकडं निघाला. वाफ्याच्या कडेला सासूबाई गोणपाट टाकून बसल्या होत्या, हातात काठी.

"हिथं नाय टाकायचं," त्या लेकावर खेकसल्या. "हिथं तिची आई हाय."

तो पाटी घेऊन मागं फिरला. वाफ्यात काहीच नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. उन्हं वर आली तरी त्या उठेनात. मी चहा नेऊन त्यांच्यापुढं ठेवला.