बिशानचे चार सैनिक आणि एक मेलेला राजा

कपडेपटात काम करणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. प्रयोग संपला की सगळे अंगरखे तिच्याकडे येतात आणि धुवायला टाकण्याआधी खिसे तिलाच रिकामे करावे लागतात. त्या काळी राजेरजवाड्यांच्या कपड्यांना खिसे नसायचे म्हणे. पण आमच्या मंडळींनी हट्टाने ते माझ्याकडून शिवून घेतले होते. मग सेनापतीच्या खिशात एमआरटी ट्रेनचं कार्ड, भालदाराच्या खिशात बडीशेप, असा रोजचा माल निघायचा. प्रत्येक वस्तूमागे एक गोष्ट असायची आणि शनिवारी चहाला लोक जमले की ती माझ्याकडून वसूल केली जायची. नव्वदच्या दशकातला तो एकच सीझन, पण अजून संपत नाही बघा!

सीझन म्हणजे आमच्या सिंगापूरच्या ऑपेरा हाउसचा रौप्यमहोत्सव. तीन महिन्यांत तीन ऑपेरा आणि दोन बॅले. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त ही माणसं चहा मागायचा तरी गाऊनच मागतात. बॅलेत तर तेही नाही, नुसता नाच. मी तिथे शिलाई करायचे. टाचणी तोंडात आणि कान चौफेर!

*

स्टेज मॅनेजर होती मिस टॅन. उंची पाच फुटांच्या आत, पण अख्खं थिएटर तिला टरकून असायचं. पहिल्या ऑपेराला तिला आठ सैनिक हवे होते. चार मिळाले होते, चार मिळत नव्हते. गायचं नाही, बोलायचं नाही, भाला धरून उभं राहायचं. मानधन नाही. जेवणाचा डबा आणि घरच्यांना दोन पास.

ती मला म्हणाली, "युअर इंडियन फ्रेंड्स गॉट मुस्टाश, राइट? ब्रिंग लाह!" इथलं इंग्रजी असंच, शेवटी 'लाह' हवंच.

आम्ही बिशान भागात राहायचो, तिथल्या आमच्या ब्लॉकमधून मी मिशा गोळा केल्या. सगळ्यात मोठी मिशी सावंतांची. मालवणचे, बोटीवर चीफ इंजिनियर होते, आता बंदरात आलेल्या बोटींची इंजिनं बघायचे. त्यांना सगळे चीफच म्हणायचे. दुसरा पुण्याचा अभ्यंकर, कॉम्प्युटरवाला. तिसरा शेजारचा पाटील आणि चौथे आमचे हे. ह्यांना मिशी नव्हती, ती मी चिकटवली.

चीफनी पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, माझी वाक्यं किती?"

"एकही नाही."

"मग नाटक पुढे जाणार कसं?"

*

अभ्यंकर तालमीला येताना वडिलांना घेऊन यायचा. बापू अभ्यंकर. एकेकाळी सांगलीकडच्या संगीत नाटक कंपनीतले गायक नट, एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर घेतलेला माणूस! वन्स मोअर म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पद रंगलं की प्रेक्षकांतून आरोळी येते आणि नटाला ते पुन्हा म्हणावंच लागतं.

आणि हा माणूस आठ महिने एक अक्षर बोलला नव्हता. घशाचं ऑपरेशन झालं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घसा बरा झालाय, आता तुम्ही बोलायला लागा. बापूंनी एकदा बोलून पाहिलं. स्वतःचा खरखरीत आवाज ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. सदऱ्याच्या खिशात कागदाचं पॅड असायचं, त्यावर चिठ्ठ्या लिहायचे.

आम्ही चिठ्ठ्या वाचायचो. पण सात वर्षांची नात सई इथल्या शाळेत जाणारी, तिला मराठी कळायचं, वाचता येत नव्हतं. बापू तीन महिन्यांसाठी आले होते, खास तिच्यासाठी. ती समोर बसून म्हणायची, "आजोबा, स्टोरी टेल लाह." बापू चिठ्ठी लिहायचे, मग चिठ्ठीकडे बघायचे आणि चुरगळून टाकायचे. अभ्यंकर हे बघून स्वयंपाकघरात निघून जायचा. मला फार वाईट वाटायचं. नात समोर बसलेली आणि आजोबांच्या घशाला कुलूप!

*

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बापूंची चिठ्ठी आली: "नारळ कुठाय?"

रंगदेवतेपुढे नारळ फोडल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, ही आपली रीत. चीफनी भारतीय सामान मिळणाऱ्या टेक्का मार्केटमधून नारळ आणला. अभ्यंकर पुण्याचा, त्याने ऑफिसात जाऊन रीतसर फॉर्म भरला. 'वस्तूचे नाव' या रकान्यात लिहिलं: कोकोनट, एक. 'स्टेजवर वापरण्याचे कारण' यात लिहिलं: ब्रेकिंग.

तो मंजूर झाला! वाचतं कोण?

चीफनी नारळ आपटला तो नेमका ऑपेरातल्या नाचासाठी अंथरलेल्या नव्याकोऱ्या काळ्या मॅटवर. पाणी चारी दिशांना. मिस टॅन किंचाळली, "माय डान्सर्स विल स्लिप! हू अप्रूव्ह्ड दिस?"

अभ्यंकरने शांतपणे फॉर्म पुढे केला. खाली तिचीच सही.

त्या दिवशी चारही सैनिक गुडघ्यांवर बसून स्टेज पुसत होते. पण प्रयोग असा झाला की टाळ्या थांबेनात. पुढच्या ऑपेराच्या दिवशी मिस टॅन सकाळीच माझ्या टेबलाशी आली. हातात लाल प्लास्टिकची बादली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "कोकोनट व्हेअर? बट इन्साइड बकेट, ओके?"

*

चीफचा पेजर हा स्वतंत्र विषय आहे. पत्र्याचं चिलखत घातलं तरी आत कमरेला पेजर. राणी मुकुट उतरवून ठेवते, वाद्यं थांबतात, सगळं सभागृह श्वास रोखून बसतं, तेवढ्यात चिलखताच्या आतून पीं पीं पीं! पत्र्यामुळे आवाज दुप्पट.

चीफ जराही गडबडले नाहीत. राणीपुढे गेले, कडक सलाम ठोकला, गर्रकन वळले आणि निघून गेले. प्रेक्षकांना वाटलं, युद्धाची बातमी आली. चीफ तसेच टॅक्सीत बसून बंदरावर. कपडे बदलायला वेळ नव्हता, बोट खोळंबली होती.

"गेटवर अडवलं नाही कुणी?" मी विचारलं.

"अडवतायत कसले? त्या पहारेकऱ्याने मलाच सलाम केला!"

दुसऱ्या दिवशी चिलखत परत आलं. चीफनी इंजिनरूममधल्या पॉलिशने ते असं लखलखीत केलं होतं की बाकीचे सात सैनिक भंगारातून आणल्यासारखे दिसायला लागले. मग काय, उरलेली सात चिलखतं मला घासावी लागली.

*

चीफ कधी प्रेक्षकांत बसले, तर ते जास्त धोक्याचं! बॅलेचा पास मिळाला म्हणून आम्ही सगळे गेलो. मुख्य नर्तकी एका पायावर गरागरा फिरायला लागली. थांबेचना. फिरून फिरून जेव्हा ती अचानक स्थिर उभी राहिली, तेव्हा चीफ खुर्चीतून उठले आणि समुद्रावर हाक मारावी तशा आवाजात ओरडले, "वन्स मोअर!"

सगळं थिएटर मागे वळलं. अभ्यंकरने कार्यक्रमपत्रिका तोंडावर धरली. नर्तकी धापा टाकत चीफकडे अशी बघत होती, की मला तिचीच काळजी वाटली.

मध्यंतरात मिस टॅन आली. तिने माझ्यापुढे बोट नाचवलं. "ट्वेंटी-फाइव्ह इयर्स, दिस हाउस नेव्हर रिपीट. नेव्हर! वन मोर साउंड फ्रॉम युअर पीपल, ऑल गो होम. यू ऑल्सो!"

चीफना पटलं नाही. "दाद दिली तर राग कसला?" असं म्हणत ते बापूंकडे वळले. बापूंनी चिठ्ठी लिहिली. ती मी अजून जपून ठेवली आहे: "वन्स मोअर असा येताजाता फेकायचा नसतो. मी पुष्कळ घेतले. दिले फक्त दोन."

*

शेवटच्या ऑपेरात पहिलाच प्रवेश राजाच्या अंत्ययात्रेचा. तिरडीवर मेलेला राजा आणतात, मधोमध ठेवतात आणि त्याची मुलगी शेजारी बसून दहा मिनिटं शोक करते. राजाच्या कामाला एक गृहस्थ आणले होते, पण त्यांना तालमीत झोप लागली आणि ते घोरायला लागले. दिग्दर्शक वैतागला. त्याची नजर कोपऱ्यात ताठ बसलेल्या बापूंवर पडली. पांढरी दाढी, धारदार नाक, आणि मुख्य म्हणजे एक शब्द बोलत नाहीत!

बापूंची चिठ्ठी: "मेलेला पार्ट अजून केला नव्हता. करतो. राजा कशाने मेला?"

दिग्दर्शकाने विचारच केला नव्हता. तो म्हणाला, म्हातारपणाने असेल. बापूंनी मान हलवली आणि लिहिलं: "मग मुलगी एवढी रडणार नाही. विषाने मेला." दिग्दर्शकाने दोन मिनिटं विचार केला आणि ते मान्य केलं! ओठांना निळा रंग लागला. रोज प्रयोगाआधी सगळे तयार होऊन उभे, आणि मढ्याचा मेक-अप चाललेला. तिरडीवर झोपण्याआधी बापू वाकून स्टेजला हात लावायचे, तो कपाळाला लावायचे, मग डोळे मिटायचे.

सई विंगेतून बघायची. घरी गेल्यावर तिने शेरा दिला, "आजोबा, यू डाय व्हेरी नाइस!"

*

तिरडी उचलणार कोण? आपलेच चार सैनिक. आणि पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी अभ्यंकर अडून बसला.

"मी बापूंना खांदा देणार नाही," तो म्हणाला. मिस टॅनने घड्याळ दाखवलं, चीफनी समजावलं. अभ्यंकरचे डोळे भरून आले. "दहा महिने झाले त्यांचा आवाज ऐकून. फोनवरचा जुना निरोप मी टेप करून ठेवलाय, तो ऐकतो. आणि आता जिवंतपणी खांदा देऊ? नाही जमणार."

मिस टॅनला शब्द कळले नाहीत, पण तिने घड्याळाचा हात खाली घेतला. बापू तिरडीवर उठून बसले. निळ्या ओठांनी हसले. पॅड काढलं आणि चिठ्ठी मुलाच्या हातात दिली.

अभ्यंकरने वाचलं आणि रडता रडता हसायला लागला. चिठ्ठीत होतं: "आयतीच रंगीत तालीम मिळतेय. पाय पुढे ठेव, डावा खांदा पाडू नकोस."

*

रविवारची दुपार, सीझनचा शेवटचा प्रयोग. त्यानंतर तीन दिवसांनी बापूंचं विमान.

राजकन्येचं काम करणारी गायिका कोरियाची होती. त्या आठवड्यात तिचा घसा बसला होता. गाण्यापुरता आवाज राखायला बिचारी कुणाशी बोलत नव्हती, खुणा करायची. बापूंनी माझ्याबरोबर तिला ज्येष्ठमधाच्या काड्या पाठवल्या. कशा चघळायच्या ते मी तिला करून दाखवलं. ती चघळत बसायची आणि समोर बापू बसायचे. दोघंही मुकी, पण छान जमलं होतं.

त्या दुपारी चौघांनी तिरडी आणली. अभ्यंकरचा डावा खांदा जरासुद्धा पडला नाही. ती गायिका गुडघे टेकून बसली, बापूंच्या छातीवर हात ठेवला आणि गायला लागली. मी सुई-दोरा घेऊन विंगेत, शेजारी मिस टॅन कानाला हेडफोन लावून, आणि माझ्या पदराशी सई. शब्द कुणाला कळत होते? पण तो आवाज वर गेला, तिथे थांबला आणि असा अलगद खाली आला, की माझ्या हातातली सुई कधी पडली ते मला कळलं नाही.

गाणं संपलं. टाळ्यासुद्धा नाहीत. नुसती शांतता.

आणि त्या शांततेत तिरडीवरून आवाज आला. खरखरीत, फाटका, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"वन्स मोअर!"

मिस टॅनने माझा दंड धरला. वाद्यवृंदाच्या कंडक्टरची छडी हवेतच राहिली. भाल्यांच्या रांगेत अभ्यंकर समोर बघायचं सोडून तिरडीकडे बघत होता. राजा डोळे मिटून पडलेला, मेलेलाच!

गायिकेने खाली वाकून त्या चेहऱ्याकडे बघितलं. मग छातीवरचा हात न काढता कंडक्टरकडे मान वळवली आणि हळूच एक बोट वर केलं.

कंडक्टरने मिस टॅनकडे बघितलं. मिस टॅनने पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच दुसरीकडे बघितलं.

गाणं पुन्हा झालं. पूर्ण.

पडदा पडला आणि सई माझा पदर सोडून धावली. बापू तिरडीवर उठून बसत होते.

"आजोबा! यू कॅन टॉक!"

"बोलतो गं," बापू म्हणाले. "ते राहू दे. आधी सांग, दुसऱ्यांदा जास्त चांगलं म्हणाली की नाही?"

सईने कमरेवर हात ठेवून नीट विचार केला.

"सेकंड टाइम बेटर लाह."