फिलोमिनाने नाकारलेला दरवाजा

फिलोमिना गेल्याचा फोन वसईहून आला तेव्हा मी ऑफिसात होते. तासाभरातच आमच्या साहेबांनी कंपनीच्या पेजवर तिचा फोटो टाकून लिहिलं, ‘तिची संवेदनशीलता हीच आमच्या कामाची ओळख.’ वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने तिला नोकरीवरून काढलं होतं!

आखातात, देरा भागातल्या आमच्या स्टुडिओत फिलोमिना व्हीआरचे, म्हणजे आभासी जगातले, प्रसंग लिहायची, मी एचआरला. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर, शाळकरी मुलांसाठी एका म्युझियमचं काम तिच्याकडे आलं. त्या संहारातून वाचलेल्या एका आजीबाईंच्या मुलाखती ती आठवडेच्या आठवडे ऐकत होती. हेडसेट घातला की मूल आजीबाईंच्या लहानपणीच्या वर्गात, त्यांच्या रिकाम्या बाकाशेजारी बसायचं. वर्गाच्या बाई हजेरी घेताना आजीबाईंचं नाव गाळतात आणि वर्गात कुणी चकार शब्द काढत नाही... पुढचं सगळं आजीबाई स्वतःच्या आवाजात सांगतात.

साहेबांना ते मिळमिळीत वाटलं. “हबीबी, अंगावर आलं पाहिजे! मुलांना गॅस चेंबरच्या आत न्या. दरवाजा बंद होऊ दे.”

“सर, त्या दरवाज्याआड कोंडलेली माणसं सांगायला परत आली नाहीत. मग हे आपण कुणाच्या डोळ्यांनी दाखवणार? त्यांच्या मरणाची राइड मी लिहिणार नाही.”

“दुसरं कुणीतरी लिहील. खलास.”

तिच्या नोटिशीचं पत्र मीच टाइप केलं. माझाही व्हिसा त्याच ऑफिसचा होता, नोकरी गेली की देश सोडावा लागला असता, म्हणून गप्प बसले. माझा राग साहेबांइतकाच माझ्यावरही आहे. तिने पत्र वाचलं, “आडनाव चुकलंय गं,” म्हणत पेनाने दुरुस्त केलं आणि नोटिशीच्या महिन्यात स्वतः म्युझियममध्ये जाऊन सगळं सांगितलं. म्युझियमने गॅस चेंबरचा प्रसंग नाकारला, वर्ग ठेवला. ती गावी परतली. आजारी असल्याचं कुणालाच बोलली नव्हती...

परवा मी म्युझियममध्ये जाऊन तो कार्यक्रम पाहिला. शेवटच्या नावांत साहेब पहिले, फिलोमिना कुठेच नाही. बाहेर एक साधी खोली आहे, चार लाकडी बाकं, पडदा नाही की दुकान नाही. हेडसेट काढल्यावर मुलांना लगेच पिटाळू नका, इथे बसू द्या, असा तिचाच हट्ट होता. मी तिथे टेकले, तर समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. तिची आई म्हणाली, “चल गं, उशीर होतोय.”

“वेट, मम्मा. आय डोन्ट वॉन्ट टू टॉक नाऊ.”

आई तिच्याशेजारी बसली. मी मात्र उठले, म्युझियमच्या व्यवस्थापक बाईंकडे गेले आणि म्हटलं, “हे सगळं फिलोमिनाचं काम आहे. तिला काढल्याचं पत्र मी टाइप केलंय. कागद द्या, सहीनिशी लिहून देते.”