येऊन राहिलो

माझी शेवटची पोस्टिंग डोंगरावरच्या एका चौकीत होती. मी नाईक, रेडिओ ऑपरेटर. लान्स नाईक मारोती माझा जोडीदार. मी आखाडा बाळापूरचा, तो कनेरगाव नाक्याकडचा, मेंढपाळाचं पोरगं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, मग चहा, मग पेट्रोलिंग. रेडिओवर हिंदीत आणि मोजकं बोलायचं. शेवटी 'ओव्हर' म्हणायचं. म्हणजे माझं झालं, आता तू बोल.

एका सकाळी पेट्रोलिंगवर असताना कडा सुटला. दगडांबरोबर मी नाल्यात गेलो. मान मोडली. हात जागेवर होते, पण माझे राहिले नव्हते. छातीवरचा सेट चालू होता. ऐकू येत होतं, बटण दाबता येत नव्हतं. वरून मारोती नियम मोडून मराठीत बोलला.

"बाळू, हलू नको. येऊन राहिलो."

'ओव्हर' म्हणायचं तो विसरला. दोराने निम्मा उतरला असेल, तेव्हा कडा पुन्हा सुटला.

आता मी तोंडाने लिहितो. समोर माइक असतो. मी बोलतो, कॉम्प्युटर टाइप करतो आणि वाचून दाखवतो. सवयीने माझ्या तोंडून 'ओव्हर' जातं, तेही तो इमानदारीने लिहितो.

मारोतीच्या गावी त्याच्या नावाची कमान होते आहे. उद्घाटकांचं नाव, पदं आणि फोटो आधीच ठरले. मारोतीसाठी एक ओळ उरली. ती मी लिहायची होती. त्याची आई, गंगामावशी, घरी आली.

"भाषण नको टाकू. त्याचं शेवटचं बोलणं टाक. बोलला तसंच."

मी बोललो. कॉम्प्युटरने वाचलं, "हलू नकोस. मी येत आहे."

"असं कोण बोलतं रे घरात? पाव्हणा हाय का त्यो?"

"मावशी, ह्याची शाळा पुण्याची हाय."

"मग चार दिस मेंढरामागं धाड त्याला."

मी पुन्हा बोललो. 'येत आहे.' तिसऱ्यांदाही तेच. शेवटी आपोआप होणारी सुधारणा बंद केली आणि रेडिओवर बोलावं तसा एकेक शब्द सुटा बोललो. त्या सपाट, परक्या आवाजाने वाचलं, "हलू नको. येऊन राहिलो."

मेंढरं घेऊन दाराशी आलेल्या लेकराला म्हणावं तसं मावशी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ये, बाबा."

माइक चालूच होता. ओळीखाली तिचे दोन शब्द उमटले. 'डिलीट' एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

कमानीवर आता दोन ओळी जातील. वाढीव जागा उद्घाटकांच्या पदांमधून काढावी, असं मी कळवलं आहे.

त्या सकाळी मारोतीला उत्तर गेलं नव्हतं.