दाऊदशेटच्या गाडीची उजवी बाजू

भागोजीला मुंबईला परत जायचं नव्हतं. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, शेडच्या दारात गोणपाटाचं गाठोडं खाली ठेवता ठेवता.

"मास्तर, सात वर्षं झाली. शिमग्याला येतो, चार दिस राहतो, जातो. आमची चिमा मला बघून आवशीच्या मागं लपते. मुंबईचे पाव्हणे आले म्हणते. पोटच्या पोरीचा पाव्हणा किती वर्षं व्हायचं?"

मी मास्तर नव्हतो. औद्योगिक शाळेतून फिटरचा कोर्स करून दाऊदशेट मुकादमांच्या लॉऱ्यांच्या शेडमध्ये लागलो, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. पण शाळेत शिकून हातोडा धरणाऱ्याला रत्नागिरीच्या मांडवीत मास्तरच म्हणत. भागोजी मांडवीचाच. बापूस धाकू, होड्या दुरुस्त करणारा. दर्यावर जगणारं घर. या घरातला मुलगा मुंबईच्या एका मोटारींच्या कारखान्यात सात वर्षं पॉलिशचं मशीन चालवत होता.

गाठोड्यातून त्याने हातभर लांबीचा, सापासारखा वळणारा लोखंडी दांडा काढला. बाहेर जाळीचं वेष्टण, आत पोलादी तारांचा पीळ. एका टोकाला लोकरीची गोल गादी. कारखान्याने मोडीत काढलेलं मशीन होतं ते, पण मोटर गायब. मोटर असती तरी आमच्या शेडमध्ये वीज नव्हती.

"हे फिरवून द्याल काय तुमी? बाकीचं माझ्याकडं."

दाऊदशेटने त्या वर्षी मुंबईहून एक वापरलेली काळी मोटार आणली होती. पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने तिचा रंग मेला आणि पाऊस सरल्यावर तांबड्या धुरळ्याने उरलासुरला जीव घेतला. शेटने भागोजीला सांगितलं होतं, "शुक्रवारच्या नमाजाला मी याच गाडीतून जाणार. गाडी आरशासारखी केलीस तर ही आणि माझ्या चारी लॉऱ्या कायमच्या तुझ्या हातात. नाहीतर शनिवारची मुंबईची आगबोट आहेच."

म्हणजे काय ते भागोजीला कळलं होतं, आणि मलाही. मी लगेच कामाला लागलो. मोडकी सायकल उलटी करून ओंडक्याला ठोकली. मागच्या चाकाचा टायर काढून त्यावरून पट्टा घेतला, तो दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या लहानशा कप्पीवर. पायडल हाताने फिरवलं की गादी गरगर फिरायची. मोठं चाक, लहान कप्पी. एका फेऱ्यात गादीचे किती फेरे होतात ते मी खडूने भिंतीवर लिहून ठेवलं. मला फार अभिमान वाटला होता. भागोजीने मुंबईहून आणलेली पॉलिशच्या मेणाची डबी माझ्यासमोरच पडली होती, मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पायडल फिरवायला भागोजीची बायको हौसा आली. सकाळची मासळी विकून, टोपली शेडच्या कुडाला टेकवून.

"मुंबैला हे काम कोण करतं?" तिने विचारलं.

"वीज करते," भागोजी म्हणाला.

"आणि हितं हौसा. विजेला काय देतात तेवढं तरी मला द्या म्हणावं शेटना."

बुधवारी दुपारी भागोजीने गाडी धुतली, पुसली आणि मेण लावायला घेतलं. धाकू म्हातारा गंमत बघायला येऊन बसला होता.

"सढळ हातानं लाव रे," तो म्हणाला. "चाटवल्यासारखं काय करतोस?"

मांडवीत होडी किनाऱ्यावर ओढली की तिला तेल पाजतात. माशाचं तेल, त्यात चंद्रूस नावाची राळ, हाताने चोपडून जाड थर द्यायचा आणि भर उन्हात ठेवायची. फळी तापते, तेल पिते. जितकं जास्त प्यायली तितकी दर्यात टिकते. भागोजी लहानपणापासून हेच करत आलेला. त्याने मोटार शेडबाहेर उन्हात ढकलायला लावली आणि बोनेटपासून मागच्या चाकापर्यंत होडीसारखी चोपडली. मोठी डबी होती. तळाला थोडंसं उरलं.

"रात्रभर पिऊ दे," तो म्हणाला. धाकूने मान डोलावली. मीही डोलावली.

गुरुवारी सकाळी गाडीवर साय धरली होती. पांढरी, खडखडीत. नखाने ओरखडली तर नख वळायचं.

भागोजीने गादी टेकवली. हौसाने पायडल फिरवलं. गादी दोन वेळा फिरली आणि चिकटून थांबली. त्याने जोर दिला तर पट्टा घसरला. मी राळ लावून पट्टा घट्ट केला, तर पायडल हौसाच्या हाताला हिसका देऊ लागलं.

"दाबू नका ओ! माझा खांदा हाय तो, बंदरातला खांब नाय."

"तू जोरात फिरव."

"तुमी हलका हात ठेवा!"

लोकरीत मेणाच्या गोळ्या धरल्या. खरवडून काढल्या, परत धरल्या. दोन तासांत बोनेटचा ताटाएवढा तुकडा निघाला, तोही वाटोळ्या डागांचा. मग भागोजीचा धीर सुटला. डाव्या मडगार्डच्या कडेवर त्याने गादी दाबून धरली आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमी फिरवा." मी जीव खाऊन फिरवलं. जळका वास आला. गादी उचलली तर कडेचा काळा रंग गेला होता आणि खालचं तांबडं अस्तर उघडं पडलं होतं.

धाकू उठला आणि घराकडे चालता झाला.

"मुंबईत असं कधी झालं नाही?" मी विचारलं.

"मुंबैत मी फक्त काढायचो," भागोजी म्हणाला. "लावणारा वेगळा. तो लावून गाडी माझ्याकडं ढकलायचा. मधे पडदा. त्याचं काम तो कुणाला बघू द्यायचा नाय. सात वर्षं मी काढत आलोय, मास्तर. लावलेलं एकदाबी बघितलं नाय."

मग कुठे मी ती डबी उचलली. झाकणावर बारीक इंग्रजीत चार ओळी होत्या. पातळ हात द्या. सावलीत लावा. थोडा थोडा भाग घ्या, धुरकटला की लगेच पुसा. थर वाळून घट्ट झाल्यास त्यावर ताजं मेण लावून तत्काळ काढा.

भागोजीला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. बुधवारी ती डबी माझ्या पायाशी होती आणि मी भिंतीवर फेरे मोजत होतो. हे मी त्याला सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता डबीत बघत राहिला. तळाला होतं ते बोटभर मेण.

गाडी शेडच्या सावलीत आणली. उजव्या दारापासून सुरुवात केली. वीतभर जागेवर ताजं मेण फडक्याने फिरवायचं, खालचा थर विरघळला की लगेच गादी. आता पायडल हलकं चालायला लागलं. दाराच्या चकाकीत आधी हौसाची टोपली दिसायला लागली, मग हौसा, मग तिच्यामागे पांढरा डाग होऊन मी. भागोजी हसला. त्या दोन दिवसांत तेवढंच हसला. पुढचं मडगार्ड झालं, मागचं दार झालं. बोनेटचा उजवा भाग झाला. संध्याकाळी डबी फडक्याने कोरून पुसली, तरी डावी बाजू जशीच्या तशी, साय धरलेली.

रत्नागिरीत तसलं मेण कुठे मिळणार? डबी मुंबईहून आली होती. मी घासलेट लावू या म्हणालो. भागोजीने माझा हात धरला. "नको. आहे तेवढा तरी रंग राहू दे."

शुक्रवारी दाऊदशेट आले. गाडीभोवती एक फेरी मारली. उजवीकडे थांबून टोपी नीट केली, दारात बघूनच. डावीकडे गेले आणि मडगार्डच्या कडेवर अंगठा फिरवला.

"भागोजी, ही बाजू दर्याची आणि ती बाजू जमिनीची काय रे?"

"शेट, एक डबी मागवा. आठ दिवसांत..."

"नमाज आज आहे," शेट म्हणाले. आवाज चढला नव्हता. "जा तू. परत आलास की बघू."

शनिवारी मी भागोजीला पोचवायला मांडवीच्या बंदरावर गेलो. आगबोट लांब उभी होती, माणसं होडीतून तिच्याकडे जात होती. दांडा त्याने माझ्याकडेच ठेवला. हौसाच्या मागून चिमा डोकावत होती. "पाव्हणे चालले," ती म्हणाली आणि हौसाने तिला चापट मारली.

"तिला कशाला मारतेस गो?" भागोजी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मास्तर, त्या लावणाऱ्याचा पडदा मी फाडणार."

तो होडीत बसला तेव्हा दाऊदशेटची मोटार बंदरावर आली. बोटीने त्यांचा कुणी पाहुणा येणार होता. ड्रायव्हरने गाडी दोनदा मागेपुढे घेतली आणि चकाकणारी बाजू गावाकडे करून उभी केली. माणसं थांबून थांबून त्या दारात तोंडं बघू लागली. कुणीतरी म्हणालं, काय काम केलंय!

होडी वल्ही मारत लांब जात होती. भागोजीचं तोंड किनाऱ्याकडे होतं. दर्याच्या बाजूने गाडी कशी दिसत असेल, ते मला बघायला जायची गरज नव्हती.